जँगोत पहिला पॅच कसा टाकायचा

जँगो म्हणजे पायथनमधलं, वेबसाइट बनवायचं फ्रेमवर्क. त्यात पॅच, म्हणजे कोडमधला छोटा बदल, पाठवायचा असेल तर आधी जँगो वापरून बघा राव, त्यांचं पोल्स अ‍ॅपचं ट्युटोरियल पूर्ण करा, मग काँट्रिब्यूशनच्या गोष्टी. अमेरिकेतल्या कॅन्ससच्या एका पेपरच्या ऑफिसात जन्मलेलं आणि 2005 मध्ये ओपन सोर्स झालेलं हे फ्रेमवर्क, त्यामुळे डॉक्युमेंटेशन एकदम वाचनीय आहे.

कोड गिटहबवर असला तरी बग ट्रॅक (Trac) नावाच्या जँगोच्या वेगळ्या साइटवर नोंदवतात, इथेच नवीन लोक गोंधळतात. ट्रॅकवर 'इझी पिकिंग्ज' (नवख्यांसाठी सोपी कामं) फिल्टर लावा, तिकीट (म्हणजे नोंदवलेला बग किंवा काम) 'अ‍ॅक्सेप्टेड' आहे ना आणि दुसऱ्या कोणी आधीच घेतलेलं नाही ना ते बघा, मग स्वतःच्या नावावर घ्या. डॉक्समधली साधी टायपो असेल तर तिकीटही लागत नाही, डायरेक्ट पुल रिक्वेस्ट (आपला बदल घ्या अशी गिटहबवरची विनंती).

रेपो (जँगोचा कोड) फोर्क करून, म्हणजे गिटहबवर स्वतःची कॉपी बनवून, आपल्या मशीनवर क्लोन करा, व्हर्च्युअल एन्व्हायर्नमेंट (पायथनची वेगळी जागा) बनवा, पिप या पायथनच्या इन्स्टॉलरने एडिटेबल मोडमध्ये (कोड बदलला की लगेच लागू होतो) इन्स्टॉल करा आणि कोडला हात लावायच्या आधी टेस्ट्स फोल्डरमधली रनटेस्ट्स फाइल चालवा. बाय डिफॉल्ट एसक्यूलाइट या छोट्या डेटाबेसवर चालतं, वेगळा डेटाबेस नको.

मग आधी फेल होणारी टेस्ट लिहायची, नंतर फिक्स. टेस्ट नसेल तर रिव्ह्यूवर तेच ऐकायला मिळणार. कमिट मेसेज 'फिक्स्ड', हॅश (#), तिकीट नंबर, दोन डॅश आणि एका ओळीत काय केलं ते, शेवटी पूर्णविराम हवाच, हो त्यावरही कमेंट येते! रिव्ह्यूला वेळ लागतो, बराचसा व्हॉलंटियर लोकांचा मामला, रोज पिंग करू नका.