मास्टर बाथरूम बांधताना या चुका टाळा

नव्या घराचं बाथरूम ठरवताना बहुतेक जण टाइलच्या दुकानापासून सुरुवात करतात. क्रम उलटा हवा. आधी वॉटरप्रूफिंग, मग ढाळ, पाण्याचा दाब, वायरिंग आणि शेवटी टाइल. पहिल्या दोन कामांत चूक राहिली, तर दुरुस्तीला फरशी फोडण्यावाचून गत्यंतर नसतं.

वॉटरप्रूफिंगची घाई

सर्वांत महागात पडणारी चूक हीच. स्लॅबमधून पाइप जातो तिथली फट साध्या सिमेंटने बुजवली, तर सिमेंट आकसतं आणि पाणी तिथूनच वाट काढतं. तिथे न आकसणारा ग्राउट (फट बुजवायचं मिश्रण) भरा. फरशी आणि भिंतीच्या कोपऱ्यात वाटा, म्हणजे सिमेंटची गोलाई, काढून घ्या, नाहीतर वॉटरप्रूफिंगचं कोटिंग काटकोनात चिरतं. कोटिंग भिंतीवर फूटभर चढवा, शॉवरमागे मात्र 6 ते 7 फूट. वाळल्यावर नहाणीचं, म्हणजे फरशीतल्या सांडपाण्याच्या जाळीखालच्या ट्रॅपचं, तोंड बंद करून 48 ते 72 तास पाणी साठवा आणि खालच्या मजल्याचं छत तपासा. ही चाचणी कंत्राटदाराला टाळू देऊ नका.

भिंतीतल्या पाइपांचीही हीच गोष्ट. सीपीव्हीसीचे (गरम पाणी चालणाऱ्या प्लास्टिक पाइपांचे) जोड 24 तास वाळू द्या, दाब तपासायच्या हातपंपाने दाब चढवा, तासभर दाबमापकाचा काटा खाली येता कामा नये. मग मोजमापाची टेप लावून पाइपांचे फोटो काढून ठेवा. पुढे आरसा किंवा टॉवेल रॉड बसवताना ड्रिल नेमकं पाइपात जातं, ते यामुळे टळतं.

बेडरूमच्या भिंतीला ओल आलीच, तर लगेच तोडफोड नको. दोन-तीन दिवस बाथरूम वापरू नका, पण पाणी चालू ठेवा. ओल तशीच राहिली किंवा वाढली, तर संशय पुरवठ्याच्या पाइपावर. हळूहळू कमी झाली, तर गळती नहाणीच्या जोडात किंवा वॉटरप्रूफिंगमध्ये.

मोठी टाइल, उथळ ढाळ

शॉवरच्या जागेत 80 फुटांना 1 फूट या प्रमाणात उतार हवा, म्हणजे 8 फुटांत साधारण सव्वा इंच. मध्यभागी चौकोनी जाळी असेल, तर ढाळ चारही बाजूंनी येतो. तिथे 2 बाय 4 फुटांची टाइल टाकली की कोपरे वर राहतात आणि पाणी साचतं. एक तर 1 बाय 1 फुटाची मॅट, न घसरणारी टाइल घ्या, किंवा भिंतीलगत पाणी वाहून जायला लांब जाळीचं चॅनेल बसवून ढाळ एकाच दिशेला द्या. मिस्त्री साइटवर असतानाच बादलीभर पाणी ओतून पाहा.

रेन शॉवर आणि गीझरचा हिशेब

10 मीटर उंचीच्या पाण्याला जेमतेम 1 बार दाब मिळतो. वरच्या मजल्यावर शॉवर आणि गच्चीवरच्या टाकीत अंतर 2 ते 3 मीटरच, म्हणजे 0.2 ते 0.3 बार. एवढ्यावर मोठा रेन शॉवर नुसता ठिबकतो. प्रेशर पंप बसवणार असाल, तर त्याची जागा आणि विजेचा पॉइंट आत्ताच ठरवा.

15 लिटरच्या गीझरमधलं 60 अंशांचं पाणी 20 अंशांच्या पाण्यात मिसळलं, की 40 अंशांचं 30 लिटर मिळतं. मिनिटाला 10 लिटर सोडणारा शॉवर ते 3 मिनिटांत संपवतो, आणि 2 किलोवॅटच्या गीझरला टाकी पुन्हा तापवायला वीसेक मिनिटं लागतात. शॉवरने अंघोळ करणार असाल, तर 25 लिटरचा घ्या. बाथटबची हौस असेल, तर तेवढ्यानेही भागणार नाही. टबात दीडशे लिटरहून जास्त पाणी सहज लागतं, तेव्हा 100 लिटरच्या आसपासची साठवण धरूनच आखणी करा.

गीझरला 4 चौरस मिमीची स्वतंत्र वायर, 16 अँपिअरचा पॉइंट, स्विच बाथरूमबाहेर आणि 30 मिलीअँपिअरचं आरसीसीबी (वीजगळती होताच पुरवठा तोडणारा स्विच) ठेवा. अर्थिंग मोजून घ्या.

दमटपणा आणि वास

एक्झॉस्ट फॅन लावूनही आरशावर वाफ राहते, कारण दार घट्ट असेल तर आत हवाच येत नाही. दाराखाली अर्धा इंच फट ठेवा. गटाराचा वास येत असेल, तर आधी कोरड्या भागातली नहाणी पाहा. ती क्वचित वापरली जाते, ट्रॅपमध्ये वास अडवण्यासाठी साठलेलं पाणी सुकतं आणि वायू वर येतो. तिथे आठवड्याला तांब्याभर पाणी घाला.