फ्रान्सच्या खेड्यांत रानअळंबी आणि रानमेवा कसा गोळा करावा

फ्रान्समधील जंगलांपैकी सुमारे तीन चतुर्थांश जंगल खासगी मालकीचे आहे आणि तिथल्या दिवाणी संहितेच्या ५४७ व्या कलमानुसार जमिनीत आपोआप उगवणारे सर्व काही जमिनीच्या मालकाचे असते. अळंबीही त्यातच येते. त्यामुळे कुंपण नाही, पाटी नाही, म्हणून रान मोकळे आहे असे समजू नये. ज्या गावात मुक्काम असेल तिथल्या मेरीत, म्हणजे गावाच्या कार्यालयात, जमिनींचा नकाशा पाहायला मिळतो. कोणता तुकडा सरकारी आणि कोणता खासगी हे त्यावरून कळले, की खासगी तुकड्याच्या मालकाकडे जाऊन सरळ परवानगी मागावी. सरकारी जंगलांत राष्ट्रीय वन कार्यालय घरी खाण्यापुरती, माणशी दिवसाला साधारण ५ लिटरपर्यंत अळंबी वेचू देते. ही मर्यादा स्थानिक आदेशाने आणखी खाली आणता येते, म्हणून तेवढी चौकशीही मेरीतच करून घ्यावी. परवानगीशिवाय १० लिटरहून अधिक माल नेला, किंवा ट्रफल, म्हणजे जमिनीखाली वाढणारी महागडी अळंबी, अगदी एकच उकरून काढली, तरी तो चोरीइतका गंभीर गुन्हा ठरतो आणि ३ वर्षांपर्यंत कैद व ४५,००० युरोंपर्यंत दंड होऊ शकतो.

टोपली हातात घेण्यापूर्वी जी ओळखायला शिकायची ती खाण्याची अळंबी नव्हे. पहिली ओळख आमानित फालोईद या जीवघेण्या अळंबीची करून घ्यावी, कारण युरोपातील अळंबीच्या विषबाधेने होणारे बहुतेक मृत्यू या एका जातीमुळे होतात आणि ती ओक, बीच व चेस्टनटच्या झाडांखाली, म्हणजे उत्तम अळंबी मिळते नेमक्या त्याच जागी उगवते. तिची टोपी पिवळट हिरवी असते, पण कधी फिकट होत जवळजवळ पांढरीही दिसते. टोपीखालचे पातळ पडदे पांढरे, देठाभोवती पांढरी झालर, आणि देठाचे बूड एका पांढऱ्या पिशवीत बसलेले असते. ही पिशवी बहुधा पालापाचोळ्यात किंवा मातीत दडलेली असते. म्हणून अनोळखी अळंबी कधीही मधूनच कापू नये. सुरीचे टोक मातीत घालून ती बुडासकट उचलावी, नाहीतर ओळखीची सर्वांत महत्त्वाची खूण जमिनीतच राहून जाते.

मराठी वाचकाला इथे एक विशेष सूचना द्यावीशी वाटते. कोवळी फालोईद पांढऱ्या अंड्यासारखी दिसते आणि भाताच्या पेंढ्यावर उगवणाऱ्या अळंबीशी तिचे विलक्षण साम्य असते. आशियातून गेलेल्या लोकांना याच गल्लतीतून जीवघेणी विषबाधा झाल्याची उदाहरणे ऑस्ट्रेलियात आणि अमेरिकेत आहेत. कोकणात किंवा गोव्यात लहानपणापासून अळंबी वेचलेल्या माणसाची नजर नक्कीच तयार असते, पण ती नजर तिथल्या मातीवर तयार झालेली असते. फ्रान्सच्या रानात तिच्यावर विसंबू नये.

फालोईदचे विष शिजवून, वाळवून वा गोठवून जात नाही. चांदीचा चमचा काळा पडला तर अळंबी विषारी, गोगलगाईने कुरतडली असेल तर निर्धोक, हे दोन्ही समज खोटे आहेत. गोगलगाई फालोईदही आवडीने खातात. गावातली जुनी माणसे खातात एवढाही पुरावा पुरेसा नाही. नैर्ऋत्य फ्रान्समध्ये बिदाऊ नावाची पिवळी अळंबी पिढ्यान्‌पिढ्या खाल्ली जात होती. १९९२ ते २००० या काळात ती लागोपाठ अनेक जेवणांत भरपूर खाल्लेल्या १२ जणांचे स्नायू विरघळू लागले आणि त्यांतील ३ जण दगावले. त्यानंतर फ्रान्समध्ये तिच्या विक्रीवर बंदी आली.

या सगळ्यामुळे नवख्या माणसाने टोपीखाली पडदे असलेल्या एकाही अळंबीला पहिल्या हंगामात हात लावू नये, असे माझे ठाम मत आहे. असा नियम पाळला तर काही चांगल्या जाती हुकतात हे खरे, पण फालोईदही आपोआप बाजूला राहते आणि तीन उत्तम जाती तरीही हाती उरतात. त्यांची ओळख टोपी उलटी करून पटवायची असते.

पहिली सेप. ऑगस्टअखेरपासून नोव्हेंबरपर्यंत, उबदार दिवसांत चांगला पाऊस होऊन आठ-दहा दिवस उलटले, की ती येते. दोर्दोन्य आणि लिमुझँ हे तिचे प्रसिद्ध प्रदेश. टोपी तपकिरी व गुबगुबीत, आणि टोपीखाली पडद्यांऐवजी बारीक छिद्रांचा स्पंज, कोवळेपणी पांढरा आणि पुढे हिरवट पिवळा. देठ फुगीर असून त्याच्या वरच्या भागावर पांढरी, किंचित उठावाची जाळी असते, आणि उभे कापल्यावर आतला गर पांढराच राहतो. स्पंज लाल असेल किंवा कापताच गर निळा पडत असेल, तर ती अळंबी नवख्याने तिथेच ठेवावी. स्पंज गुलाबीसर आणि देठावरची जाळी गडद असेल, तर ती कडू जात होय. ती विषारी नाही, पण तिचा एक तुकडाही सगळी भाजी वाया घालवतो.

दुसरी जिरोल, अंड्याच्या बलकाच्या रंगाची, जूनपासून मिळणारी. तिच्या खालच्या बाजूला सुटे पडदे नसतात, तर गरालाच पडलेल्या बोथट, फाटे फुटलेल्या सुरकुत्या देठावर उतरत गेलेल्या असतात, आणि नखाने खरवडूनही त्या वेगळ्या होत नाहीत. वास जर्दाळूसारखा येतो. दक्षिणेकडे ऑलिव्ह व ओकच्या बुंध्याशी झुपक्याने उगवणारी नारिंगी अळंबी हिच्यासारखी भासते, परंतु तिचे पडदे पातळ व धारदार असतात आणि ती खाल्ल्यास तीव्र उलट्या-जुलाब होतात. जिरोल जमिनीतून येते, लाकडातून नव्हे. तिसरी प्ये द मुताँ, जिच्या टोपीखाली सहज गळणारे बारीक काटे असतात. नवख्याला सर्वांत निर्धास्तपणे घेता येईल अशी हीच.

जाळीदार वेताची टोपली घ्यावी. प्लास्टिकच्या पिशवीत अळंबी घामेजते आणि लवकर सडते. निरनिराळ्या जाती वेगळ्या ठेवाव्यात. परतल्यावर टोपली गावातल्या औषधाच्या दुकानात दाखवण्याची फ्रान्समध्ये चांगली रीत आहे, कारण तिथे औषधनिर्माणशास्त्राच्या अभ्यासक्रमातच अळंबीची ओळख शिकवतात. मात्र प्रत्येक औषधविक्रेत्याचा सराव टिकलेला नसतो, म्हणून आधी विचारून जावे. त्याहून भरवशाची म्हणजे स्थानिक अळंबी अभ्यास मंडळे, जी शरद ऋतूत प्रदर्शने भरवतात आणि रानफेऱ्या काढतात. मोबाइलवरच्या ओळख सांगणाऱ्या ॲपवर जीव टांगू नये.

शिजवण्यापूर्वी सगळ्या अळंब्यांचे छायाचित्र काढून ठेवावे. फ्रान्सच्या अन्नसुरक्षा संस्थेचा सल्ला असा, की रानअळंबी कच्ची कधीच खाऊ नये, तव्यावर २० ते ३० मिनिटे शिजवावी, शीतकपाटात ४ अंशांखाली ठेवून दोन दिवसांत संपवावी, प्रौढाने आठवड्याला १५० ते २०० ग्रॅमच खावी आणि लहान मुलांना देऊ नये. लोणी, लसूण आणि वरून बारीक चिरलेली पार्सली एवढ्यावर सेपचा सुवास टिकतो. मसाल्यात तो हरवतो.

जेवणानंतर काही त्रास झाला, तर वाट न पाहता १५ किंवा ११२ क्रमांकावर फोन करावा आणि जेवणाची वेळ, त्रास सुरू झाल्याची वेळ व छायाचित्र सांगण्याच्या तयारीत असावे. फालोईदचा त्रास साधारण ६ ते २४ तासांनी सुरू होतो. उलट्या-जुलाब ओसरून माणसाला बरे वाटू लागते, आणि नेमके त्याच काळात यकृत निकामी होत असते. बरे वाटले म्हणून रुग्णालयात जाणे टाळू नये.

सप्टेंबरपासून फेब्रुवारीअखेरपर्यंत शिकारीचा हंगाम असल्यामुळे रानात भडक नारिंगी जाकीट घालावे, आणि परतल्यावर अंगावर गोचिडी बारकाईने शोधाव्यात.

अळंबीखेरीजही पुष्कळ काही मिळते. वसंतात आय देझुर्स, म्हणजे रानलसणीची पाने, ओढ्याकाठी दाट पसरतात. पान चुरडले की लसणीचा वास येतो, पण पहिल्या पानानंतर तो वास बोटांनाच लागलेला असतो, त्यामुळे पुढच्या पानांची परीक्षा वासावर करता येत नाही. तिच्यात मिसळून विषारी म्युगे (लिली ऑफ द व्हॅली) आणि जीवघेणे कोलशिक (शरदातले क्रोकससारखे फूल) यांची पाने उगवू शकतात. रानलसणीचे प्रत्येक पान स्वतंत्र देठावर जमिनीतून येते, हे पाहत एकेक पान खुडावे, मूठभर ओरबाडू नये. गुरे-मेंढ्या चरतात तिथल्या पाण्यातले रानटी क्रेसाँ, म्हणजे पाण्यात वाढणारी तिखट पालेभाजी, कच्चे खाल्ल्यास यकृतात चपटकृमी होतात. ते सूपमध्ये शिजवूनच घ्यावे. देशाच्या पूर्व भागात जमिनीलगतच्या बेरींवर कोल्ह्याच्या विष्ठेतून आलेली फीतकृमीची अंडी असू शकतात, आणि घरच्या फ्रीझरमध्ये ती मरत नाहीत, म्हणून तिथल्या मिर्तीयचा, म्हणजे रानटी ब्लूबेरीचा, मुरंबा करणे उत्तम.

ऑक्टोबरात दक्षिण फ्रान्समधल्या आर्देश आणि सेव्हेन या प्रदेशांत चेस्टनट गळतात. पुष्कळ झाडे जुन्या खासगी बागांतली असल्यामुळे रस्त्यालगत पडलेल्या फळांसाठीसुद्धा विचारावे. खाण्याच्या चेस्टनटचे कवच दाट काट्यांचे, आत बहुधा दोन-तीन फळे, आणि प्रत्येकाला टोकदार शेंडी असते. विषारी घोडा-चेस्टनटच्या कवचावर काटे विरळ असतात व आतले फळ बिनशेंडीचे, गोल असते. भाजण्यापूर्वी प्रत्येक फळाच्या सालीला सुरीने एक आडवी चीर द्यावी, नाहीतर ते भट्टीत फुटते.