मालकीच्या रानासाठी अनुदान मागण्याआधी

राहायला ठाण्यात नाहीतर घणसोलीत, वडिलोपार्जित वरकस (डोंगरउताराची हलकी जमीन) शहापूर-मुरबाडकडे. त्यावर ऐन, साग उभे आहेत ते राखायचे आणि मधल्या उघड्या पट्ट्यात सरकारी अनुदानातून बांबू लावायचा, असं ज्यांनी ठरवलंय त्यांच्यासाठी ही तयारी. सुरुवात आदल्या दिवाळीला करा. मे महिन्यात धावाधाव करून काही हाती लागत नाही.

आधार, पासबुक, आठ-अ यांबद्दल सांगायला नको. डिजिटल सहीचा सातबारा 15 रुपयांत मिळतो, ताजा काढा.

आणि तो वाचा. मालकाचं नाव आणि क्षेत्र बघून घडी घालू नका. 'इतर हक्क' या रकान्यात 'खाजगी वन', 'राखीव वन', '35(3)' (भारतीय वन अधिनियमाच्या या कलमाखालची नोटीस) किंवा 1975 च्या कायद्याचा उल्लेख आहे का ते बघा, आणि शेजारी जो फेरफार (सातबाऱ्यातल्या बदलाची नोंद) क्रमांक असेल त्याची नक्कल काढा. मागच्या खेपेला आमचं हेच राहिलं आणि सगळा हंगाम वाया गेला. महाराष्ट्र खाजगी वने (संपादन) कायद्याने 30 ऑगस्ट 1975 पासून खाजगी वनं सरकारजमा झाली. ठाणे जिल्ह्यात वरकसच्या किती तरी सातबाऱ्यांवर ही नोंद आजही आहे. नोंद असेल तर अनुदान राहिलं बाजूला, खड्डे खणले म्हणून वन गुन्हा अंगावर यायचा.

सातबारा कोरा दिसला तरी फेरफार बघाच. गटाचे हिस्से पडताना नोंद एका हिश्श्यावर येते, दुसऱ्यावरून गळते, म्हणून 1975 च्या आसपासचा जुना सातबारा तहसीलच्या अभिलेख कक्षातून काढा आणि आजच्याशी ताडून पाहा. 1975 साली घरची एकूण जमीन 12 हेक्टरच्या आत असेल तर त्याच कायद्याच्या कलम 22अ खाली ती परत मिळाल्याचा आदेश असू शकतो. तो शोधा, आणि त्याचा फेरफार झालाय का तेही तपासा. आदेश झाला पण फेरफार झाला नाही, तर टेबलावरचा माणूस जुनीच नोंद धरतो. 35(3) ची नोटीस नुसती काढून भागत नाही, ती मालकावर बजावलेली असावी लागते, असं सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी 2014 मध्ये सांगितलंय. पण तो मुद्दा वकिलामार्फत मांडायचा, अनुदानाच्या खिडकीवर नाही. शेवटी जमीन वनात मोडत नाही, असं उपवनसंरक्षक कार्यालयाकडून लेखी घ्या. तोंडी 'काही हरकत नाही' याला शून्य किंमत.

याच नोंदीवर पुढचंही अडतं. भारतीय वन अधिनियमातल्या झाडाच्या व्याख्येतून बांबू 2017 साली वगळला. त्यामुळे वनेतर जमिनीवरच्या बांबूला त्या कायद्याखाली तोडीचा, वाहतुकीचा परवाना लागत नाही. वनेतर, हा शब्द नीट वाचा. फेरफार काढला का?

सामाईक खातेदारांची संमती लेखी हवी, एक चुलत भाऊ अडला की फाइल अडते. हद्दीबद्दल शंका असेल तर मोजणी आधी.

जागा करायला उभा ऐन, साग, खैर तोडू नका. 1964 च्या वृक्षतोड कायद्याच्या यादीत ही झाडं आहेत, वृक्ष अधिकाऱ्याची परवानगी लागते. आदिवासी खातेदाराने झाडं विकायची तर 1969 चा वेगळा कायदा आहे आणि गाठ थेट जिल्हाधिकारी कार्यालयाशी. राबासाठी (भाताच्या रोपांची जागा भाजायला) फांद्या घेता तेव्हा शेंडा राखा, बुंध्यापासून छाटलेला ऐन पुन्हा झाड म्हणून उभा राहायला वर्षं घेतो.

बांबूला 5 बाय 4 मीटर अंतर धरा, म्हणजे हेक्टरी 500 रोपं. खड्डा 60 सेंटीमीटर लांब, रुंद, खोल. एप्रिल-मेमध्ये खणून उन्हात तापू द्या, वरची माती वेगळी ठेवा. भरताना तीच माती आणि दोन घमेली शेणखत, पण पूर्ण कुजलेलं. कच्च्या शेणाने उधई लागते. पाणी साचणाऱ्या खाचरात लावू नका, कंद सडतो. मानवेल ही बांबूची जात इथलीच, माळावर टिकते. जुन्या बेटाचे कंद फुकट मिळतात म्हणून आणू नका: कंदाचं वय मूळ बेटाइतकंच असतं, बेट फुलोऱ्यावर येऊन मेलं की तुमचंही मरतं. रोपवाटिकेची पावती जपा.

राष्ट्रीय बांबू अभियानात पैसे तीन वर्षांत 50:30:20 असे येतात. रोपं जगली नाहीत तर पुढचे हप्ते अडकतात. भातकापणीनंतर गुरं मोकाट सुटतात, कुंपण त्याआधी. वणव्यासाठी हद्दीने तीन मीटर जाळरेषा (गवत काढून मोकळा केलेला पट्टा), जानेवारी संपायच्या आत.

मग तण काढणं, मातीची भर, पुढच्या जुलैला नांग्या भरणं, म्हणजे मेलेल्या रोपांच्या जागी नवी लावणं. फोटो खड्ड्याआधी एक, लावल्यावर एक, दरवर्षी एक, सगळे एकाच कोपऱ्यातून, जागेची नोंद चालू ठेवून. ई-पीक पाहणीत नोंद. मजुरीच्या पावत्या.

फाइल लावताना सगळ्यात वर फेरफाराची नक्कल, तिच्याखाली वन कार्यालयाचं पत्र, मग सातबारा.