गरोदरपणात सीटबेल्ट आणि गाडीचे हादरे: या चुका टाळा

खड्ड्यातून गाडी गेली म्हणून रात्री घाबरून फोन करणारी आणि मागून गाडी आदळल्यावर ‘मला कुठे लागलंय?’ म्हणत घरी जाऊन झोपणारी बाई बऱ्याचदा एकच असते. प्रसूती विभागात काम करताना या उलट्या हिशेबाचा मला आता वैताग येतो. म्हणून हे एकदा लिहून टाकते.

पट्टा पोटावरून, नाहीतर पट्टाच नाही

‘बाळावर दाब येतो’ हे कारण मी इतक्यांदा ऐकलंय की पुढचं वाक्यही मला पाठ आहे: ‘जवळच तर जायचं होतं.’ जोरात ब्रेक लागला की गाडी थांबते, तुम्ही थांबत नाही. पट्टा नसेल तर पोट थेट स्टिअरिंगवर किंवा पुढच्या सीटवर जातं. पट्टा पोटाच्या मधोमध असेल तर सगळा झटका गर्भपिशवीवर येतो. तो यायला हवा हाडांवर, म्हणजे कंबर, छाती आणि खांद्याच्या.

कमरेचा पट्टा पोटाच्या खाली, मांड्या सुरू होतात तिथे. खांद्याचा पट्टा खांद्याच्या मध्यावरून, दोन्ही स्तनांमधून, पोटाच्या कडेने. माझी सवय सांगते: आधी सीटला पाठ टेकून सरळ बसायचं, एका हाताने पोट किंचित वर धरायचं, दुसऱ्याने कमरेचा पट्टा खाली सरकवायचा आणि मग खांद्याचा पट्टा वर ओढून ढिलाई काढायची. थोडं हललं की पट्टा पुन्हा वर चढतो, त्यामुळे गाडी थांबली की हात लावून बघायचं. सीट मागे पाडून लोळत बसलात तर हे सगळं वाया जातं. धडकेत शरीर पट्ट्याखालून घसरतं आणि पट्टा पोटावर येतो.

खांद्याचा पट्टा काखेखालून किंवा पाठीमागून घेऊ नका. अर्धा पट्टा लावून अलार्म गप्प होतो, एवढाच त्याचा उपयोग. अलार्म बंद करायला खोटी क्लिप खोचणाऱ्यांशी मी वाद घालणं सोडून दिलंय.

पट्टा आणि पोट यांच्यामध्ये उशी नको. जाड जॅकेटची पुढची बाजू उघडी ठेवा. मागच्या सीटलाही हेच नियम. एअरबॅग बंद करू नका. त्याऐवजी सीट मागे घ्या. छातीचं हाड आणि स्टिअरिंग यांत निदान 25 सेंटिमीटर अंतर हवं. पाय पुरत नसतील तर चावी दुसऱ्याकडे द्या.

‘हळूच लागलं, काही झालं नाही’

ही चूक मला सगळ्यांत जास्त सलते. आठव्या महिन्यातली एक बाई. उभ्या गाडीला मागून धक्का बसला, बंपर चेपला. फोटो काढले, भांडण झालं, गाडी गॅरेजला दाखवली. पोट मात्र कुणाला दाखवलं नाही. संध्याकाळी पोट दगडासारखं व्हायला लागलं, तर तिला वाटलं गॅस. आमच्याकडे आली तेव्हा रक्तस्राव बाहेर दिसत नव्हता, पण बाळाचे ठोके उतरत होते. वार (प्लासेंटा, म्हणजे बाळाचं पोषण करणारा अवयव) गर्भपिशवीपासून सुटली होती. तातडीने सिझेरियन झालं. बाळ काही दिवस काचेच्या पेटीत राहिलं, पण दोघं सुखरूप घरी गेली.

गर्भपिशवी ताणली जाते, वार तितकी ताणली जात नाही. झटक्यात दोघींची ताटातूट होऊ शकते, अंगावर ओरखडाही नसताना. म्हणून साधारण 20 आठवड्यांनंतर कुठलीही धडक झाली की आधी डॉक्टरांना फोन, मग बंपर. रक्त किंवा पाणी जाणं, पोट दुखणं, कडक होणं, कळा, बाळाची हालचाल कमी होणं, यातलं काही असेल तर फोनवर बोलत बसू नका, निघा. पहिल्या तीन महिन्यांत गर्भपिशवी कमरेच्या हाडांच्या आड असते, पण रक्त गेलं किंवा पोट दुखलं तर तेव्हाही दाखवायचंच.

‘सोनोग्राफी नॉर्मल आली, सोडा’ हेही नेहमीचं. सुटलेली वार सोनोग्राफीत दिसतेच असं नाही. म्हणून पोटाला मशीनचे पट्टे लावून बाळाचे ठोके आणि कळा निदान 4 तास बघतात, शंका असेल तर जास्त. तासाभरात घड्याळ दाखवू नका. मशीनला तुमची घाई कळत नाही.

आणि ते हादरे

स्पीडब्रेकर, खड्डे, कच्चा रस्ता यांनी निरोगी गर्भ ‘पडत’ नाही. भोवती पाणी आहे, जाड स्नायू आहे. सुरुवातीचे गर्भपात बहुतेकदा गर्भाच्या गुणसूत्रांतल्या दोषामुळे होतात. त्याचं खापर चालवणाऱ्यावर फोडू नका. कंबर दुखेल, म्हणून गाडी हळू घ्या. वार खाली आहे किंवा रक्त जातंय म्हणून प्रवास बंद सांगितला असेल, तर अर्थात तुमच्या डॉक्टरांचं ऐकायचं.

रक्तगट निगेटिव्ह असेल तर धडकेनंतर अँटी-डी इंजेक्शन (बाळाच्या रक्ताविरुद्ध आईच्या शरीरात अँटिबॉडी तयार होऊ नयेत म्हणून) लागू शकतं, तेही 72 तासांच्या आत. रक्तगटाचा कागद फाइलमध्ये सगळ्यांत वर ठेवा आणि आल्या आल्या तो आधी दाखवा.