कामावरचा माणूस खचला की या चुका टाळा

वाळूजचा कारखाना असो, जालन्याची रोलिंग मिल असो की लातूरची बँक शाखा, माणूस खचल्याचं पहिल्यांदा कळतं ते हजेरीपटावर. कधी उशीर न करणारा सोमवारी खाडे करू लागतो. रिजेक्शन, म्हणजे बाद होणारा माल, वाढतं. जेवणाच्या सुट्टीत डबा न उघडताच परत जातो. हे सलग दोन आठवडे दिसलं, तर त्याला कामचुकार ठरवण्याआधी थांबा.

"महिनाभर गावाकडं जाऊन ये"

ही सगळ्यात मोठी चूक. बोलणाऱ्याच्या मनात माया असते, म्हणूनच ती मोडत नाही. नैराश्यात रिकामा वेळ म्हणजे विचारांचा घाणा. एका सीएनसी ऑपरेटरला असंच ३० दिवस बिनपगारी रजेवर गेवराईकडच्या गावी पाठवलं. पहिले चार दिवस तो नुसता झोपला. मग पारावर लोक विचारू लागले, "काय, नोकरी गेली का?" घरात पीककर्जाची नोटीस आलेली, मोटारसायकलचा हप्ता थकलेला. दिवसा बाजेवर पडून राहायचं, रात्र जागून काढायची. कुणीतरी म्हणालं, बाहेरचं आहे. देवऋष्याकडं दोन चकरा झाल्या आणि गोळ्यांचं पाकीट कोनाड्यात पडून राहिलं. परत आला तेव्हा पँट कमरेवर राहत नव्हती, खात्यात पगार नव्हता, मशीनवर दुसरा माणूस उभा होता आणि रजेचं कारण अख्ख्या लाइनला माहीत झालेलं होतं. पंधरा दिवसांत त्याने राजीनामा दिला.

रजा द्यावी की नाही, हे डॉक्टरांना ठरवू द्या. संभाजीनगरला घाटीत, म्हणजे सरकारी मेडिकल कॉलेजच्या रुग्णालयात, मानसोपचार विभाग आहे, जिल्हा रुग्णालयातही चौकशी करा. डॉक्टरांनी काम चालेल म्हटलं, तर पहिले दोन आठवडे पहिल्या पाळीत रोज ४ तास, मग ६ तास आणि जमलं की पूर्ण पाळी. तिसरी पाळी, म्हणजे रात्रपाळी, निदान दोन महिने बंद. झोपेचं घड्याळ मोडलं की गोळ्याही नीट लागू पडत नाहीत, आणि ज्याला उन्मादाचा आजार आहे त्याला एक-दोन जागरणंही पुन्हा आजारात ढकलू शकतात. कामही असं द्या, ज्याला शेवट आहे. "जमेल तेवढं कर" म्हणू नका, "या ५० पीसची गेज लावून तपासणी कर" म्हणा. संध्याकाळी ५० झाले हे त्याला स्वतःला दिसलं पाहिजे. आठवड्यातून एकदा, ठरलेल्या वारी, १५ मिनिटं एकाच माणसाने त्याच्याशी बोलावं. तिसऱ्याच दिवशी "झालं का बरं?" विचारणारे सुपरवायझर या कामाला ठेवू नयेत.

बरं वाटलं म्हणून गोळ्या सोडणं

नैराश्याच्या गोळ्यांचा गुण यायला साधारण २ ते ४ आठवडे लागतात, पण मळमळ आणि बेचैनी पहिल्याच आठवड्यात येते. म्हणजे त्रास आधी, फायदा मागून. उतावळी माणसं दहाव्या दिवशी पाकीट फेकतात, ती याच फटीत. दुसरी फट तिसऱ्या महिन्यात: चेहरा हसरा झाला, मित्र म्हणाले, "सवय लागेल, सोड." नैराश्याच्या गोळ्या सवयीच्या नसतात. पूर्ण बरं वाटल्यावरही त्या निदान ६ महिने चालू ठेवायच्या असतात आणि थांबवायच्या त्या डॉक्टरांच्या हाताखाली, हळूहळू. झोपेसाठी दिलेल्या क्लोनाझेपामची गोष्ट वेगळी. तिची सवय लागते आणि ती अचानक तोडली तर झटकेही येऊ शकतात. ती चालू असताना प्रेसवर किंवा क्रेनवर उभं करू नका.

उन्मादाच्या आजारावर लिथियमची गोळी घेणाऱ्याकडे आपल्या मे महिन्यात डोळ्यात तेल घालून लक्ष ठेवा. भट्टीजवळ घाम जातो, पाणी कमी पडतं आणि रक्तातलं लिथियम चढतं. त्यात अंगदुखीवर कुणी मेडिकलमधून आयबुप्रोफेन किंवा डायक्लोफेनॅक आणून दिलं, तर आणखी चढतं. हात जास्त थरथरणं, उलटी-जुलाब, बोलताना जीभ अडखळणं, चालताना तोल जाणं, यातलं काही दिसलं तर पुढची गोळी न देता तडक दवाखान्यात न्या. रक्ततपासणी एरवी शेवटच्या गोळीनंतर १२ तासांनी करतात, पण अशा वेळी तेवढं थांबायचं नाही. त्या माणसाची पाण्याची बाटली मशीनजवळच असू द्या. मीठही मनानं बंद करू देऊ नका.

बाकीच्या चुका

निदान ग्रुपवर टाकणं. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यात आजाराची गुप्तता हा रुग्णाचा हक्क आहे. कंपनीला "कामास योग्य, रात्रपाळी नको" एवढा कागद पुरतो.

छातीत धडधड म्हणजे टेन्शनच, असं धरून चालणं. पहिल्यांदा ईसीजी, मग बाकीचं.

थकवा मनाचाच, असं ठरवणं. थायरॉइड, हिमोग्लोबिन आणि बी-१२ तपासून घ्या.

वर्षातून एकदा ध्यानाचं शिबिर घेऊन बाराही महिने डबल ड्यूटी लावणं. आधी ड्यूटी कमी करा.

"एक क्वार्टर मार, झोप लागेल." दारूनं डोळा लागतो, पण पहाटे झोप मोडते आणि नैराश्य वाढतं.

जीव देण्याबद्दल न विचारणं

विचारलं तर डोक्यात भरेल, ही भीती खोटी आहे. बाजूला घेऊन सरळ विचारा, "जीव द्यावासा वाटतो का?" हो म्हणाला, तर भाषण देऊ नका, बायका-पोरांची शपथ घालू नका. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर फुकट आहे आणि चोवीस तास चालतो, त्याच्याशेजारी बसूनच लावा. घरी फोन करून फवारणीचं औषध हाताला लागणार नाही असं हलवायला सांगा. त्या दिवशी त्याला एकट्याला गाडीवर जाऊ देऊ नका. चावी तुमच्याकडे ठेवा आणि घरचं माणूस गेटवर येईपर्यंत त्याच्याजवळ बसा.