शिशाचं सील सापडलं तर अक्षरांआधी बांधणी बघा

मी मूळची इचलकरंजीची. सुताच्या गाठी बघतच वाढले. आता राहते स्कॉटलंडमध्ये, डंडीजवळ. सुट्टीच्या दिवशी शेतमालकाची परवानगी घेऊन नांगरलेल्या रानात मेटल डिटेक्टर फिरवते.

शिशाचं सील, म्हणजे मालाला किंवा पत्राला लावलेली छापाची चकती, हाताला लागली की अक्षरं वाचायची घाई होते. थोडं थांबा. आधी साध्या पाण्यात मऊ ब्रशने माती सोडवा. व्हिनेगर नको, तारेचा ब्रश तर मुळीच नको. शिसं इतकं मऊ असतं की नखानेही ओरखडा उठतो. नंतर हात साबणाने धुवा.

आता ती कशी बांधली होती ते शोधा. दोन चकत्या एका पट्टीने जोडलेल्या, एकीला खुंटी आणि दुसरीला भोक असेल, तर ते कापडाचं सील. खुंटी कापडातून आरपार घालून ठोकायचे आणि त्यावर छाप मारायचे. इंग्लंडमध्ये कापडाची तपासणी आणि कर झाल्याची ही खूण होती. ती सरकारी पद्धत 1724 मध्ये बंद झाली. बहुतेक वेळा अर्धीच चकती मिळते, कडेला तुटलेल्या पट्टीचं टोक असतं. आतली बाजू भिंगाखाली जरूर धरा. कधी कधी तिथे ताणा-बाणा जसाच्या तसा उमटलेला असतो. कापड कुजून शेकडो वर्षं झालेली, पण वीण मोजता येते! मला छापापेक्षा हेच मोलाचं वाटतं.

जाड, साधारण 4 सेंटिमीटरची चकती, काठातून दोरी ओवायची वाट, एका बाजूला दोन दाढीवाले चेहरे आणि दुसरीकडे लॅटिन नाव असेल, तर ती पोपच्या पत्राची मोहोर. पुसणं तिथेच थांबवा आणि संग्रहालय गाठा.

आमच्या भागात मात्र रशियन जवसाच्या धाग्याच्या गठ्ठ्यांची सीलं जास्त. डंडीच्या लिननच्या, म्हणजे जवसाच्या धाग्याच्या कापडाच्या गिरण्यांना तो धागा बाल्टिक बंदरांतून यायचा. गिरणीतला कचरा खतात मिसळून शेतात गेला, असं मानतात. माझ्या पहिल्या सीलवर इंग्रजी एन उलटा दिसला. छापच बिघडलाय असं वाटून मी ते बाजूला ठेवलं. रात्री खोलीत अंधार करून मोबाइलचा टॉर्च अगदी आडवा धरला, तेव्हा शेजारी दाराच्या चौकटीसारखं अक्षर उठून आलं. तो रशियन ‘प’ होता आणि उलटा एन म्हणजे रशियन ‘इ’. इंग्रजी सी, मग चौकट, मग छप्पर असलेल्या इंग्रजी 6 सारखं अक्षर अशी ओळ दिसली तर माल सेंट पीटर्सबर्गचा. चार आकडी साल मिळालं तर शोध खूपच सोपा होतो.

तार किंवा सुतळीसाठी दोन बारीक भोकं असलेली छोटी सीलं बहुधा एकोणिसाव्या-विसाव्या शतकातली, पोत्यांची नाहीतर रेल्वेच्या मालडब्यांची.

स्कॉटलंडमध्ये जुन्या वस्तू सापडल्या तर एडिंबरोच्या ट्रेझर ट्रोव्ह युनिटला कळवावं लागतं. इंग्लंड-वेल्समध्ये पोर्टेबल अँटिक्विटीज स्कीमच्या अधिकाऱ्याकडे नोंद करा. आणि गावाकडे सुट्टीवर गेलात तर गडावर डिटेक्टर नेऊ नका; संरक्षित स्मारकात खोदणं गुन्हा आहे.

सील ओकच्या खणात किंवा पुठ्ठ्याच्या डबीत ठेवू नका. त्यांतल्या आम्ल वाफेने शिशावर पांढरी भुकटी धरते. मी झिपच्या पॉलिथिन पिशवीत ठेवते आणि वर शेत, नेमकी जागा आणि तारीख लिहिते.