व्यवसायाची कल्पना वर्गात पारखायची कशी

विद्यार्थ्यांना 'कल्पना सुचवा' म्हणू नका. मोबाइल ॲप आणि कॅफे याच्यापुढे गाडी जात नाही. त्यांना बाजारपेठ, एसटी स्टँड, वसतिगृह अशा ठिकाणी पाठवा आणि लोकांच्या अडचणी टिपून आणायला सांगा: कोणाची, किती वेळा येते, सध्या त्यावर किती पैसे जातात. जिथे आधीच पैसे जाताहेत, ती अडचण आधी घ्या.

मग किमान दहा जणांशी बोला. 'आम्ही डबा सुरू केला तर घ्याल का?' हा प्रश्न फसवा आहे, कारण समोरचा भिडेखातर हो म्हणतो. 'गेल्या आठवड्यात दुपारी कुठे जेवलात, किती बिल झालं?' असं विचारा.

आता हिशेब, आणि इथे घाई नको. समजा डबा 80 रुपयांना. शिधा, गॅस व पॅकिंग 48, पोहोचवणं 10; उरले 22. महिन्याचं भाडं, मदतनीस व वीज मिळून 16,500. भागिले 22, म्हणजे 750 डबे; 25 दिवसांत रोज 30. एवढे झाले तर फक्त खर्च निघतो. यात स्वतःची मजुरी धरलेली नाही, आणि बहुतेक गट नेमके इथेच चुकतात. ती 11,000 धरली तर रोज 50 डबे लागतात. वसतिगृहात मुलंच 60 असतील तर कल्पना सोडा किंवा दर बदला.

आकडा जमला तर आठवडाभर आगाऊ पैसे घेऊन डबे द्या. दुसऱ्या आठवड्याचे पैसे किती जण भरतात ते मोजा. खाद्यपदार्थ असल्याने अन्नसुरक्षा नोंदणी आधी करा.